घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

एखादा माणूस मोठ्याने घोरू लागला की आपल्याकडे लोक म्हणतात, "बघा, कसा गाढ झोपलाय! दिवसभर राबलाय बिचारा. झोपू द्या." कोणी हसतात. कोणी कुंभकर्णाची आठवण काढतात. जळोचीत काय, बारामतीत काय आणि इंदापुरात काय, घोरणाऱ्याची थट्टा सगळीकडे होते. त्याची काळजी मात्र फारसे कोणी करीत नाही.

राबून आलेला माणूस थोडासा घोरला, त्याने कूस बदलली आणि घोरणे थांबले, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. पण एक घोरणे निराळे असते. ते चढत जाते आणि एकदम बंद पडते. सगळे चिडीचूप होते. घोरणेही नाही आणि श्वासही नाही. थोड्या वेळाने माणूस गचका खातो, धाप टाकल्यासारखा मोठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. असे रात्रभर चालते.

हे घोरणे म्हणजे रोगाची खूण आहे. डॉक्टर त्या रोगाला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. स्लीप म्हणजे झोप. अ‍ॅप्निया हा शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ श्वास नसणे. आपण या रोगाला 'झोपेतला श्वासरोध' म्हणू.

या रोगाची अडचण अशी की, ज्याला तो होतो त्याला तो कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळतो. म्हणून हा धडा घोरणाऱ्याने वाचावाच, पण त्याच्या घरच्या माणसांनी तो आधी वाचावा.

रात्री काय घडते?

आपल्या भागात विहिरीवर आणि कालव्यावर मोटारी आहेत. मोटार ज्या पाइपातून पाणी ओढते, तो पाइप कडक लागतो हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिथे जुना, मऊ पडलेला पाइप लावला तर काय होते? मोटार ओढ घेते आणि पाइप दबून चपटा होतो. मोटार घुमत राहते, पण पाणी येत नाही.

आपल्या घशाचेही असेच आहे. आपली छाती म्हणजे मोटार. ती फुगते आणि हवा आत ओढते. हवा नाकातून घशात, घशातून श्वासनळीत आणि तिथून फुफ्फुसांत जाते. श्वासनळीला कडक कडी असतात. गळ्यावरून बोट फिरवून पाहा, ती हाताला लागतात. त्या कड्यांमुळे श्वासनळी दबत नाही. पण तिच्या वरचा भाग, म्हणजे जिभेच्या आणि पडजिभेच्या मागचा घसा, नुसत्या मांसाचा आहे. तो मऊ पाइपासारखा आहे.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, म्हणून वाट उघडी राहते. झोप लागली की सारे अंग सैल पडते, तसे हे स्नायूही सैल पडतात. माणूस उताणा झोपलेला असेल तर जीभ मागे घसरते. वाट अरुंद झाली की हवा जाताना मऊ मांस फडफडते. त्या फडफडीचा आवाज म्हणजे घोरणे. काही माणसांची वाट नुसती अरुंद होऊन थांबत नाही, ती पुरी बंद होते. छाती ओढ घेत राहते, पोट वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही.

मग रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागतो. मेंदू हा आपल्या शरीराचा राखणदार आहे. तो दचकतो आणि शरीराला हलवतो. घशाचे स्नायू क्षणभर ताठ होतात, वाट उघडते आणि माणूस गचका खाऊन श्वास घेतो. तो पुरता जागा होत नाही. डोळेही उघडत नाही. पण त्याची झोप मोडलेली असते. पुन्हा डोळा लागतो, पुन्हा स्नायू सैल पडतात आणि पुन्हा वाट बंद होते.

कधी कधी घशाची वाट उघडी असते, पण मेंदूकडून श्वास घेण्याचा हुकूमच सुटत नाही. हाही झोपेतला श्वासरोधच. पण तो प्रकार कमी आढळतो. या धड्यात आपण घसा बंद पडण्याच्या प्रकाराबद्दल बोलत आहोत.

किती वेळा अडले म्हणजे रोग?

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडला, तर डॉक्टर तो मोजतात. दहा सेकंद म्हणजे किती? सावकाश एक, दोन, तीन असे दहापर्यंत म्हणा, तेवढे. श्वास पुरा न अडता फार कमी झाला, तर तेही मोजतात.

तासाला ५ पेक्षा कमी वेळा अडला तर चिंता नाही. ५ ते १५ वेळा अडला तर रोग सौम्य आहे. १५ ते ३० वेळा अडला तर मध्यम आहे. ३० च्या वर गेला तर रोग जोरावर आहे.

आता हिशेब करा. तासाला ३० वेळा म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. सात तासांच्या झोपेत २१० वेळा. तुम्हाला रात्रभर कोणी दर दोन मिनिटांनी हलवून उठवले, तर सकाळी तुमची काय गत होईल? या रोग्याची रोज तीच गत होते. तो सात तास अंथरुणावर असतो, पण त्याला झोप मिळालेली नसते.

दिवसा दिसणाऱ्या खुणा

रोग रात्रीचा असला तरी त्याच्या खुणा दिवसा दिसतात. सकाळी उठताना अंग जड वाटते. तोंड कोरडे पडलेले असते. डोके दुखते. पारावर गप्पा मारताना, कीर्तनात, बैठकीत, जेवून भिंतीला टेकल्यावर डुलकी लागते. बोलता बोलता डोळे मिटतात. विसर पडतो. मन लागत नाही. बारीक गोष्टीवरून राग येतो. रात्री लघवीला दोनतीन वेळा उठावे लागते आणि माणूस समजतो की हे वयामुळे होते. नवराबायकोच्या संबंधातली इच्छाही मंदावते, पण लाजेमुळे त्याबद्दल कोणी बोलत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शेतीची वीज रात्री आली की पाण्याची दारे धरायला रात्रीच जावे लागते. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी झोप येणारच. तो रोग नव्हे. त्याची झोप कमी पडली, एवढेच. ती पुरी केली की तो ताजा होतो. पण माणूस सात-आठ तास झोपूनही रोज पेंगत असेल आणि रात्री घोरत असेल, तर शंका घ्यावी.

शरीराचे काय होते?

दर वेळी प्राणवायू कमी झाला की शरीराला वाटते, जिवावर बेतले. हृदय जोराने धडधडते. रक्तवाहिन्या आवळतात. रक्तदाब चढतो. एका रात्रीत असे शंभर-दोनशे वेळा झाले आणि वर्षानुवर्षे चालले, तर रक्तदाब दिवसाही चढाच राहू लागतो. रक्तदाबाच्या दोनदोन, तीनतीन गोळ्या घेऊनही तो उतरत नसेल, तर डॉक्टर झोपेची चौकशी करतात ती यासाठीच.

या रोग्यांत हृदयविकार, हृदयाचे ठोके चुकणे आणि अर्धांगवायू यांचे प्रमाण जास्त आढळते. मधुमेहही जास्त आढळतो. प्रत्येकाला हे सगळे होईलच असे नाही. पण रोग अंगात मुरू दिला तर धोका वाढतो.

हिंदी सिनेमाचे संगीतकार बप्पी लाहिरी पुष्कळांना माहीत आहेत. गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालणारे ते. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वयाच्या ६९ व्या वर्षी ते वारले. त्यांना इतरही दुखणी होती. पण त्यांच्या मृत्यूचे कारण झोपेतला श्वासरोध असे रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी पुष्कळ लोकांनी या रोगाचे नाव पहिल्यांदा ऐकले.

गाडी चालवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे

पूर्वी गाडीवान बैलगाडीत झोपी गेला तरी बैल त्याला घरी आणीत. बैलांना वाट ठाऊक असे. ट्रॅक्टरला आणि ट्रकला वाट ठाऊक नसते.

आपल्या भागात माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर इथे साखर कारखाने आहेत. हंगामात उसाची वाहने रात्रंदिवस चालतात. जळोचीच्या उपबाजारात पहाटे माल घेऊन गाड्या येतात. भिगवण आणि इंदापूरवरून पुणे-सोलापूरचा मोठा रस्ता जातो. या रस्त्यांवर आपलीच पोरे गाड्या चालवतात.

पुन्हा हिशेब करा. गाडी तासाला ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे ती मिनिटाला १ किलोमीटर जाते. सेकंदाला साधारण १७ मीटर. चालवणाऱ्याला फक्त तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी ५० मीटर आंधळी पळते. तेवढ्यात समोर काय येईल ते सांगता येत नाही. रस्त्यावरून सायकलीने शाळेला जाणारे पोर असेल, पायी जाणारा वारकरी असेल.

म्हणून जो चालक रात्री घोरतो आणि दिवसा पेंगतो, त्याने तपासणी होईपर्यंत लांबच्या गाडीवर जाऊ नये. चहा, तंबाखू किंवा तोंडावर पाणी मारणे हा त्यावर उपाय नाही. त्याने दहा-वीस मिनिटे तरतरी येते आणि पुन्हा डोळा लागतो. डोळे जड झाले की गाडी बाजूला घ्यावी आणि झोपावे. पोचायला उशीर झाला तरी चालतो.

हा रोग कोणाला होतो?

वजन वाढले की चरबी गळ्यातही साठते आणि वाट अरुंद होते. म्हणून जाड मानेच्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाला हा रोग जास्त होतो. बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. पण मासिक पाळी थांबल्यानंतर बायकांतही त्याचे प्रमाण वाढते. वय वाढेल तसा तो वाढतो. दारू पिऊन झोपणाऱ्याचा घसा जास्तच सैल पडतो. झोपेच्या काही गोळ्यांनीही तसेच होते. विडी-सिगारेटने घसा सुजतो, त्यामुळेही वाट अरुंद होते.

पण सडपातळ माणसाने निर्धास्त राहू नये. काहींचा खालचा जबडा लहान आणि आत गेलेला असतो. काहींच्या घशातल्या गाठी मोठ्या असतात. अशांना अंगावर मांस नसतानाही हा रोग होतो.

हा रोग दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, नेहमीच्या तपासणीसाठी आली होती. त्यांत शंभरांतील २६ जण नेहमी घोरणारे निघाले. शंभरांत १९-२० जणांचा श्वास झोपेत अडत असावा, आणि सात-आठ जणांना त्यापायी दिवसाही झोप येत असावी, असा हिशेब निघाला. पुढे २०२३ साली दिल्लीच्या एम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी देशभरच्या पाहण्या एकत्र करून अंदाज काढला. तो असा की भारतात कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख माणसांना हा रोग असावा.

रोग जुनाच आहे. त्याची ओळख मात्र अलीकडची. १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनी या देशांतल्या डॉक्टरांनी झोपलेल्या रोग्यांना यंत्रे लावून पाहिले, तेव्हा कळले की यांचा श्वास रात्री वारंवार थांबतो. त्याआधी अशी माणसे नुसती आळशी ठरत.

लेकरांचे घोरणे

लहान मूल सर्दी झाल्यावर चार दिवस घोरले तर ठीक. पण जे मूल रोज घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते, झोपेत घामाने भिजते, अंथरुणात मुतते, मान मागे टाकून झोपते, त्याला डॉक्टरकडे न्यावे. मुलांच्या घशात दोन्ही बाजूंना आणि नाकाच्या मागे गाठी असतात. त्या वाढल्या की वाट बंद होते.

आमचे आयुष्य शाळेत गेले. वर्गात पेंगणारी, चुळबुळ करणारी, सांगितलेले ध्यानात न राहणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. अशा मुलाला आळशी किंवा मठ्ठ म्हणण्याआधी त्याच्या आईला एक प्रश्न विचारावा, "हा रात्री घोरतो का?" मोठ्या माणसाची झोप मोडली तर ते पेंगते. मुलाची झोप मोडली तर ते कधी पेंगते, तर कधी उलट जास्तच चळवळे होते. गाठी फार वाढल्या असतील तर शस्त्रक्रिया करून त्या काढतात. पुष्कळ मुलांचा त्रास त्याने थांबतो आणि अभ्यासातही लक्ष लागू लागते.

आठ प्रश्न

कॅनडा देशातल्या टोरांटो शहरातील डॉक्टरांनी २००८ साली आठ सोप्या प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. ती जगभर वापरतात. मोठ्या माणसांनी ती स्वतःला लावून पाहावी. घरच्यांना जवळ बसवून उत्तरे द्यावीत.

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घोरता का?
२. दिवसा नेहमी थकवा किंवा झोप येते का?
३. झोपेत तुमचा श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का?
४. रक्तदाब वाढलेला आहे का, किंवा त्याची गोळी चालू आहे का?
५. वजन फार आहे का? (उंची ५ फूट ५ इंच असेल तर ९५ किलोंहून जास्त.)
६. वय ५० च्या वर आहे का?
७. मानेचा घेर ४० सेंटिमीटर, म्हणजे साधारण १६ इंच, याहून जास्त आहे का?
८. तुम्ही पुरुष आहात का?

जितकी उत्तरे 'होय', तितके गुण. तीन किंवा चार आले तर शंका आहे, डॉक्टरांना विचारावे. पाच किंवा जास्त आले तर उशीर करू नये. यादीने रोग ठरत नाही. पण डॉक्टरकडे जायचे की नाही ते ठरते.

तपासणी कशी करतात?

तपासणीत सुई टोचून घेण्याचे भय नाही. रात्री झोपताना अंगाला काही तारा आणि पट्टे लावतात. नाकाशी एक नळी असते, ती श्वास मोजते. छातीला व पोटाला पट्टे असतात, ते छातीची हालचाल मोजतात. बोटाला चिमटा लावतात, तो रक्तातला प्राणवायू दाखवतो. डोक्याला लावलेल्या तारांवरून झोप किती गाढ आहे ते कळते. माणूस झोपतो आणि यंत्र रात्रभर लिहीत राहते. काही रोग्यांची तपासणी लहान यंत्र देऊन घरच्या घरीही करता येते.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. ते कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे पाठवतील. बारामतीत २०१९ सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाऊन चौकशी करावी. पुण्यात ससून रुग्णालय आहेच.

उपाय काय?

पहिला उपाय आपल्याच हातात आहे. वजन जास्त असेल तर ते उतरवावे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत असे दिसले की, वजन दहावा हिस्सा घटले तर श्वास अडण्याच्या वेळा साधारण चौथ्या हिश्शाने घटतात. म्हणजे शंभर किलोच्या माणसाने दहा किलो उतरवले तर बराच फरक पडतो. वजन उतरवणारी काही नवी इंजेक्शने आता निघाली आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

दुसरा उपाय, दारू सोडावी. निदान संध्याकाळनंतर थेंबही घेऊ नये. झोपेची गोळी मनाने घेऊ नये. विडी सोडावी.

तिसरा उपाय, कुशीवर झोपावे. झोपेत माणूस पुन्हा उताणा होतो, म्हणून एक युक्ती करतात. बंडीच्या पाठीवर मधोमध खिसा शिवून त्यात चिंध्यांचा घट्ट चेंडू ठेवावा. उताणे झाले की तो टोचतो आणि माणूस आपोआप कुशीवर वळतो. सौम्य रोगात याचा उपयोग होतो. जोरावर असलेला रोग एवढ्याने जात नाही.

चौथा उपाय यंत्राचा. पूर्वी जोरावर असलेल्या रोगाला एकच इलाज होता, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास घेऊ देणे. तो कोणाला आवडणार? ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी दुसरी वाट शोधली. रोग्याच्या नाकावर मुखवटा बसवून त्यातून सतत हवेचा हलका दाब दिला. १९८१ साली त्यांनी पाच रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्या यंत्राला आज 'सीपॅप' म्हणतात.

त्याचे काम समजायला सोपे आहे. सायकलची ट्यूब रिकामी असली की चपटी पडते. हवा भरली की गोल राहते. सीपॅप घशात तेवढाच दाब ठेवते, त्यामुळे वाट दबत नाही. यंत्र रोज रात्री लावावे लागते. लावले नाही त्या रात्री रोग परत येतो. सुरुवातीला तोंडावर मुखवटा नकोसा वाटतो, नाक कोरडे पडते. पण काही दिवसांत सवय होते. नीट लागू पडले की दिवसाची पेंग जाते, घरच्यांनाही झोप मिळते आणि चढलेल्या रक्तदाबालाही थोडी मदत होते. यंत्राची किंमत हजारांत आहे आणि त्याला वीज लागते. म्हणून विकत घेण्याआधी ते भाड्याने वापरून पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

याशिवाय काहींना दातांवर बसवायची पट्टी देतात. ती खालचा जबडा पुढे धरते. काहींना शस्त्रक्रिया लागते. कोणाला काय, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात. बाजारात घोरणे थांबवणारी तेले, अंगठ्या आणि नाकातले चिमटे विकतात. त्यांवर पैसे घालवू नयेत. आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडायचा थांबला असे होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असा रोगी कोणत्याही कारणाने शस्त्रक्रियेला गेला, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मी झोपेत घोरतो, माझा श्वास अडतो" हे आधी सांगावे. भूल दिल्यावर घसा आणखी सैल पडतो. सांगितले की डॉक्टर सावध राहतात.

घरात कसे बोलावे?

आता सगळ्यात अवघड काम. घोरणाऱ्याला सांगितले की तो म्हणतो, "मी? मी कुठे घोरतो? मला तर गाढ झोप लागते." तो खोटे बोलत नाही. त्याला खरेच ठाऊक नसते. बायको सांगायला गेली तर घरातले हसतात. सासरा घोरत असेल तर सून बोलत नाही. आणि बाई घोरत असेल तर कोणीच बोलत नाही, कारण बाईने घोरणे म्हणजे लाजेची गोष्ट असे आपण मानतो. मग ती माउली दिवसभर पेंगते, तिचा रक्तदाब चढत जातो आणि सगळे म्हणतात, आता वय झाले.

यात थट्टाही नको आणि लाजही नको. जसे ताप आला तर सांगतो, तसे सांगावे. बायकोने म्हणावे, "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो. मी स्वतः मोजलंय. आपण डॉक्टरकडे जाऊ." सुनेने म्हणावे, "आत्याबाई, झोपेत तुम्हाला गुदमरल्यागत होतं. एकदा दाखवून येऊ." मोबाइल असेल तर घोरण्याचा आणि थांबण्याचा आवाज त्यात भरून ठेवावा. स्वतःच्या कानांनी ऐकले की माणसाला पटते. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

तुम्हाला आता लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. घरातले कोणी मोठ्याने घोरत असेल तर तीन रात्री अर्धा अर्धा तास जागून लक्ष द्या. घड्याळ जवळ ठेवा. श्वास कितीदा थांबला आणि सर्वांत जास्त किती सेकंद थांबला, ते वहीत लिहा. वर तारीख घाला. खाली त्या माणसाच्या आठ प्रश्नांची उत्तरे लिहा. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे चिठ्ठीवरून उतरवा. तो कागद डॉक्टरांना द्या.

झोपलेला माणूस स्वतःची हकिकत सांगू शकत नाही. ती त्याच्या शेजारच्या माणसाने सांगायची असते.